दादा, तीन वर्षं कमी पडतायत!

जून आला की आमच्या बिल्डिंगमध्ये दोन गोष्टी गळायला लागतात. एक टेरेस आणि दुसरं म्हणजे बारावी झालेल्या पोरांच्या आई-बापांचं अवसान.

२०२५ चा जून. शनिवार, म्हणजे माझा हक्काचा लोळायचा दिवस. साडेनऊला बेल वाजली. दारात तळमजल्यावरची पोरगी. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा. सीईटीत छान पर्सेंटाइल पडलेले, आठवड्यापूर्वीच पेढे खाऊन झालेले. पण चेहरा असा, जणू निकाल परत लागलाय आणि या वेळी उलटा.

"दादा, डोमिसाईल म्हणजे नक्की काय असतं?"

आता ही पोरगी कोण, ते आधी सांगतो. तिचे पप्पा ट्रेलर चालवतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कॉइल उचलायची, तळोजा एमआयडीसीत टाकायची, कधी पार नाशिक-औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर, पण चाचांच्या तोंडात अजून जुनंच नाव). मूळ गाव बिहारमध्ये, सिवान जिल्ह्यात. चाची डबे करून देतात. आमच्या ऑफिसच्या बसमधली निम्मी जनता त्यांच्याच पोळ्यांवर जगते. आणि ही पोरगी? हिचं मराठी माझ्यापेक्षा सरस. आगरी तर अशी बोलते की रोडपाली गावातल्या हळदीला गेली तर कुणाची पाहुणी म्हणून कुणी विचारत नाही.

"सोप्पंय गं," मी जांभई देत म्हणालो. "तू महाराष्ट्रात राहतेस असा सरकारी दाखला."

"ते मला पण माहितीये. पण पंधरा वर्षांचा पुरावा मागतायत. माझ्याकडे बाराच वर्षांचा आहे. दादा, तीन वर्षं कमी पडतायत!"

माझी जांभई अर्धवट राहिली.

माझा स्वतःचा दाखला मी २०१२ साली काढला होता आणि खरं सांगायचं तर मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. कारण आठवण्यासारखं काही घडलंच नव्हतं! माझा जन्म पनवेलचा. बाबांकडे सिडकोच्या घराचं अलॉटमेंट लेटर, रेशनकार्ड, लाइटबिलांची फाईल वर्षाप्रमाणे लावलेली. बाबा लोखंड बाजारात काट्यावर क्लार्क होते, सवयच ती. दहा मिनिटांत कागद निघाले, फोटो चिकटवला, झालं. अठरा वर्षं मी रोडपालीत राहिलोय हे सिद्ध करायला मला काहीच करावं लागलं नाही. ते काम बाबांनी घर घेतलं तेव्हाच होऊन गेलं होतं.

तर आम्ही दोघं जमिनीवर बसलो आणि पिशवी उपडी केली.

ज्यांच्या घरात सध्या बारावी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनीअरिंगच्या प्रवेशात महाराष्ट्राचा उमेदवार कोण, याच्या ए, बी, सी, डी, ई अशा पायऱ्या आहेत. ए म्हणजे दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून आणि वर जन्म तरी इथला हवा किंवा अधिवास तरी. बी म्हणजे तसं नसेल, पण उमेदवाराचा किंवा आई-वडिलांपैकी कुणाचा अधिवास इथला. सी म्हणजे आई किंवा वडील केंद्र सरकारच्या नोकरीत आणि महाराष्ट्रात बदलून आलेले. डी म्हणजे राज्य सरकारचे कर्मचारी. (ई ची गंमत पुढे सांगतो.) यातलं काहीच नसेल तर तुम्ही ‘ऑल इंडिया’. तिथल्या जागा थोड्या आणि त्याही मुख्यतः जेईईच्या मार्कांवर. हिने जेईई दिलीच नव्हती. फीचं म्हणाल तर खुल्या गटातल्या, वर्षाला आठ लाखांच्या आतल्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, निम्मी ट्यूशन फी भरून निघते. तिलाही महाराष्ट्राचा अधिवास लागतोच. ट्रेलर ड्रायव्हरच्या घरात निम्मी फी म्हणजे ‘इंजिनीअरिंग’ आणि ‘बीए करून घे, बेटा’ यांच्यातलं अंतर.

बरं, चाचांच्या गावाकडे त्यांची जात ओबीसीत. पण तो कागद इथे चालत नाही. महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला हवा तर घराणं १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून इथं राहत असलं पाहिजे. १९६७ साली तर चाचासुद्धा जन्मले नव्हते. म्हणजे पोरगी ओपनमध्ये, हातात फक्त अधिवासाचा पत्ता.

हिची दहावी-बारावी कळंबोलीची. मग ए टाइपला अडलं कुठे? जन्मात! मे २००७ मध्ये चाची बाळंतपणाला माहेरी गेल्या, रीतच आहे. दोन महिन्यांनी बाळ घेऊन रोडपालीला परत आल्या. तेवढ्या दोन महिन्यांमुळे पोरगी ‘बाहेरची’. आमच्या बिल्डिंगमधल्या किती जणांचे जन्म आजोळी सातारा-सांगलीला झालेत म्हणून सांगू. त्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण त्यांचं आजोळ नकाशावरच्या बरोबर बाजूला होतं.

आता कागद. शाळेत पहिलीला प्रवेश जून २०१३. तिथून बारावीपर्यंत सलग बारा वर्षं, बोनाफाइड आणि लिव्हिंग सर्टिफिकेटसकट. पंधरा वर्षं म्हणजे २०१० पासून. भोक नेमकं २०१० ते २०१३.

रेशनकार्ड? गावाला, आजीच्या नावावर. लाइटबिल? घरमालकाच्या नावावर. भाडेकरार? इथे चाचा जरा ओशाळले. रोडपाली-कळंबोलीत सात घरं बदलली, पण करार म्हणजे अकरा महिन्यांचा स्टॅम्पपेपर, सही केली की मालकाच्या कपाटात. मित्रांनो, जरा थांबा आणि आपापला करार आठवा. अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा आपल्याकडचा फेमस गैरसमज. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की लिव्ह अँड लायसन्स लेखी हवं आणि नोंदवलेलंच हवं, महिने कितीही असोत. आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. वन रूम किचन शेअर करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा कागद फालतू वाटतो. पंधरा वर्षांनी आपल्याच पोराला तो लागेल, असं तेव्हा कुणाच्या डोक्यात येतं!

"आधार आहे ना?" मी विचारलं. ते तर सगळ्यांकडे असतं. पण देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ते रोडपालीपर्यंत पोचून हिच्या हातात पडायला २०१४ उजाडलं. शिवाय आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहून ठेवलंय की नुसता आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. पत्ता दाखवायला तो चालतो, वर्षं मोजायला नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. या दाखल्याचं पूर्ण नाव आहे ‘वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र’. म्हणजे तीन गोष्टी सिद्ध करायच्या. वय झालं, जन्मदाखला आहे. राष्ट्रीयत्व? लिव्हिंग सर्टिफिकेटवर एक रकाना असतो, ‘राष्ट्रीयत्व - भारतीय’. हिच्या शाळेच्या क्लार्कने निळ्या शाईत तो एक शब्द लिहिलेला. संपला विषय! अख्ख्या देशाची नागरिक असणं एका शब्दात जमलं. रोडपालीची असणं काही केल्या जमेना.

सोमवारी लंचमध्ये ही कथा ऑफिसात ऐकवली. आमच्या लीगलच्या मॅडम डबा बाजूला ठेवून सरसावल्या. म्हणाल्या, "हा वाद आजचा नाही रे." मग कळलं ते असं. १९५५ साली डी. पी. जोशी नावाचा दिल्लीचा एक विद्यार्थी सुप्रीम कोर्टात गेला होता. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात मध्य भारत राज्यातल्या मुलांना कॅपिटेशन फी माफ होती आणि बाहेरच्यांना लागत होती. त्याचं म्हणणं, हा भेदभाव आहे. पाचपैकी चार न्यायाधीश म्हणाले, राज्यघटनेचं कलम १५ जन्मस्थळावरून भेदभाव करू नका म्हणतं. राहण्याचं ठिकाण ही निराळी गोष्ट. आपल्या लोकांच्या शिक्षणावर राज्याने पैसा खर्च केला तर त्यात वावगं काय? एकाच न्यायाधीशांचं मत वेगळं पडलं.

मग १९८४ चं डॉ. प्रदीप जैन प्रकरण. त्यात कोर्टाने सांगितलं की भारतात डोमिसाईल एकच, भारताचं. राज्याचं डोमिसाईल असं काही नसतं आणि राज्यांनी प्रवेशाच्या नियमांतून हा शब्दच काढून टाकावा. राहिवासावर काही जागा ठेवायला मात्र हरकत नाही. आता २०२५ च्या जानेवारीत तन्वी बहल खटल्यात कोर्टाने पदव्युत्तर मेडिकलच्या राहिवासी आरक्षणाला नाही म्हटलं. पण त्याच्या खालच्या पायरीवर ते चालूच आहे. "म्हणजे बघ," मॅडम म्हणाल्या, "काढून टाका म्हटलेला शब्द एक्केचाळीस वर्षांनी तुझ्या शेजारणीच्या फॉर्मवर अजून आहे."

मला व्यक्तिशः ते १९५५ चं म्हणणं पटतं. राज्याच्या पैशातून चालणारं कॉलेज आधी राज्यातल्या पोरांना मिळावं, यात चूक काय? चाचा इथे डिझेल भरतात, टोल भरतात, चाची इथल्या बाजारात गव्हाचं पोतं घेतात. त्यांचाही पैसा त्यात आहेच की. प्रश्न नियमाचा नाहीच. नियम ‘राहिलात का’ असं विचारतो आणि खिडकीवर ‘दाखवा’ असं ऐकू येतं. राहणं आणि दाखवणं यांच्यामध्ये घर स्वतःच्या नावावर असणं नावाची एक भली मोठी भिंत आहे, आणि नवी मुंबईतली अर्धी जनता भिंतीच्या पलीकडे.

हां, ई टाइप राहिला. आमचं मूळ गाव निपाणीकडचं. माझा मावसभाऊ अजून तिथेच असतो. रेशनकार्ड कर्नाटकचं, एसटी कर्नाटकची, मतदान कर्नाटकात. पण महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतो त्यात त्याचं गाव. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा पडून आहे. त्यामुळे सीमाभागात राहणारा आणि मातृभाषा मराठी असलेला उमेदवार म्हणून तो महाराष्ट्राचा, ई टाइप! त्याने दोन दाखले जोडले आणि कोल्हापूरच्या कॉलेजात गेला. मला त्याचा आनंदच आहे. पण जो महाराष्ट्रात कधी राहिला नाही तो आत आणि जी दोन महिन्यांची असल्यापासून राहतेय ती दारात, हे तळमजल्यावर सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

आणि हे फक्त आपल्याकडेच नाही हं. अमेरिकेतल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये राज्यातल्यांना एक फी, बाहेरच्यांना कितीतरी पट. बहुतेक ठिकाणी साधारण वर्षभर राहिल्याचा पुरावा द्यावा लागतो. टेक्सासने २००१ मध्ये कायदा करून तिथे शाळा शिकलेल्या, पण कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही ही कमी फी दिली होती. २०२५ च्या जूनमध्ये, म्हणजे आम्ही इथे पिशवी उपडी करत होतो त्याच महिन्यात, तिथल्या फेडरल कोर्टाने ती सवलत थांबवली. असो.

आमचा शोध चालू होता. २०१० ते २०१३ म्हणजे पोरगी तीन ते सहा वर्षांची. या वयाची पोरं कुठे असतात? अंगणवाडीत! मी स्वतःच्या हुशारीवर खूश. गावात गेलो. त्या वेळच्या अंगणवाडीताई रिटायर झालेल्या, पण पोरीला ओळखलं त्यांनी, "खिचडीत मटार आले की रडायचीस" वगैरे. रजिस्टर मात्र नव्हतं. कळंबोली पट्ट्याला सखल म्हणतात ते उगाच नाही, पावसाचं पाणी घरात येणं आम्हाला नवीन नाही. अशाच एका पावसाळ्यात जुनी रजिस्टरं भिजून लगदा झाली. महानगरपालिकेचा काही कागद म्हणाल तर पनवेल महानगरपालिका झालीच १ ऑक्टोबर २०१६ ला.

बाहेरच्या एका एजंटने ‘सगळं करून देतो’ म्हणत पाच हजार सांगितले. चाचा तयार झाले होते. पोरगीच नाही म्हणाली. "पप्पा, खोटा भाडेकरार करणार तो. मी खरंच राहिलेय ना इथे?" अठरा वर्षांच्या पोरीने बापाला असं विचारलं की तिसऱ्या माणसाने पंख्याकडे बघायचं असतं. मी बघितलं.

कागद शेवटी सापडला तो चाचींकडे. कुणी त्यांना विचारलंच नव्हतं! आम्ही तिघं शिकलेले, निमशिकलेले डोकं खाजवतोय आणि चाचींनी सत्तूच्या डब्यामागून एक पत्र्याची पेटी काढली. छठपूजेचं सामान, त्याखाली एक घडी पडलेलं, हळदीचे डाग असलेलं कार्ड. लसीकरणाचं.

"सिस्टर बोली थी, ये कार्ड फेकना नहीं," चाची म्हणाल्या. "तो नहीं फेका."

मी ते कार्ड उघडलं. वर पत्ता, ‘रोडपाली गाव’, घरमालकाच्या नावासकट. खाली तारखा. नऊ महिन्यांना गोवर. दीड वर्षाला बूस्टर. आणि मग व्हिटॅमिन ए. ते गोड, चिकट औषध आठवतंय? त्याचे एकूण नऊ डोस असतात. पहिला गोवराच्या लसीबरोबर, दुसरा दीड वर्षाला आणि मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचं होईपर्यंत. जून २०१०, शिक्का. डिसेंबर २०१०, शिक्का. २०११ मध्ये दोन. मे २०१२ ला शेवटचा, त्याच दिवशी पाच वर्षांचा डीपीटी. सरकारनेच सहा-सहा महिन्यांनी हिला गाठून, तोंड उघडायला लावून, तारीख घालून ठेवली होती. हजेरीच की ही!

आता हे कार्ड दाखल्याच्या यादीत कुठे बसतं? सेतूतल्या मुलाने डोकं हलवलं, यादीत रेशनकार्ड आहे, लाइटबिल आहे, घरपट्टी आहे, मतदार यादीचा उतारा आहे, लसीचं कार्ड नाही. पण माणूस चांगला. म्हणाला, "तलाठ्यांकडून रहिवासी दाखला आणा, तो चालतो. त्यांना हे दाखवा." (पदाचं नाव २०२४ मध्ये ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, पण लोकांच्या तोंडी तलाठीच.) सोबत चाचांचं बँकेचं पासबुक, २००९ मध्ये उघडलेलं, पत्ता तोच. आणि शेजाऱ्यांचे जबाब.

जबाबाला आम्ही गाठलं जुन्या घरमालकीण आजींना. गावातल्या त्यांच्या चाळीत ही मंडळी पहिली सहा वर्षं राहिली होती. आजी ओट्यावर सुकट निवडत बसलेल्या. मी सगळं समजावून सांगितलं, पंधरा वर्षं, पुरावा, अधिवास. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"ही पोर माझे ओट्यावर रांगलीय," आजी म्हणाल्या. "माझे मोठे पोराची हळद होती ना, तवा हिनी मांडवान मुतून ठेवलं होतं. याचा पन कागद लागतो?"

"लागतो आजी. पण साल सांगा ना हळदीचं."

साल त्यांना येईना. पण हळदीचा फोटो अल्बम निघाला, त्यावर स्टुडिओवाल्याने छापलेली तारीख, २००८. एका फोटोत कोपऱ्यात, चाचींच्या कडेवर, काजळ फासलेलं एक गोल तोंड. पोरगीने तो फोटो मोबाइलवर काढून घेतला. तो अर्जाला जोडला नाही, जोडून उपयोगही नव्हता. आजींनी मात्र जबाबावर सही ठोकली, मोठ्या अक्षरात, ओळीच्या बाहेर जाऊन.

अर्ज गेला. कायद्याने यालाही मुदत आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा म्हणतो की ठरलेल्या दिवसांत दाखला द्या, नाहीतर अपील करता येतं. अपीलाची वेळ आली नाही. पण त्या दिवसांत तळमजल्यावर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. चाचींच्या डब्यात दोनदा मीठ कमी पडलं आणि बसमधल्या एकानेही तक्रार केली नाही. सगळ्यांना माहीत होतं.

कागदपत्रं तपासायची मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी दाखला आला. मोबाइलवर आधी, मग कलर प्रिंट. ‘महाराष्ट्र राज्याची अधिवासी’. चाचांनी तो लॅमिनेट करायला नेला, मी धावत जाऊन अडवला. लॅमिनेट केलेल्या कागदाची झेरॉक्स नीट येत नाही, हे बाबांचं ज्ञान!

कॉम्प्युटर मिळालं नाही, दुसऱ्या फेरीत सिव्हिल मिळालं, बसने तासाभरावरचं कॉलेज. तिचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा आहे. हा पठ्ठ्या पनवेलचाच जन्म, तरी चाचींनी त्याची वेगळी फाईल केलीय. त्यात लसीच्या कार्डापासून गॅसच्या पावतीपर्यंत सगळं आहे. या वेळचा भाडेकरारही नोंदवलेला, मालक आढेवेढे घेत होता, पोरगीने त्याला कलम ५५ वाचून दाखवलं.

पेढे घेऊन आम्ही आजींकडे गेलो. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, दुसरा पदराला बांधला आणि आतून एक कापडी पिशवी आणली. माझ्या पुढ्यात ठेवली. मी ओळखलं. या गावांच्या भातशेतीवर १९७० पासून सिडकोचं नवं शहर उभं राहिलं. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात पाच जण गोळीबारात गेले, त्या आंदोलनानंतर प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के जमीन परत मिळायची योजना आली. आजींच्या माहेरची जमीनही त्यातलीच. वारस म्हणून त्यांचं नाव लागायचंय. पण सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यावर त्यांचं लग्नाआधीचं नाव, रेशनकार्डावर लग्नानंतरचं, आणि दोघी एकच हे सांगणारा कागद कुठे नाही.

"तुला कागदातला कलतं ना रे," आजी म्हणाल्या. "माझा पन बघ."

येत्या रविवारी जायचंय. येताना त्यांचा चष्माही दुरुस्तीला टाकलेला आहे तो घेऊन यायला सांगितलंय, आणि पोरगी म्हणते, मी पण येते, अल्बम परत बघायचाय.